बाईंच्या बाजूचा ब्रेक

त्या दिवशी शोरूममध्ये बाईंचा आवाज असा काही चढला, की नव्या गाडीपुढे चावी हातात धरून फोटोला उभं राहिलेलं एक जोडपं फोटो न काढताच बाजूला सरकलं.

"बदला म्हणजे काय बदला? बल्ब आहे का तो?" बाईंनी काउंटरवर हात आपटला. "गाडीची अर्धी किंमत त्या बॅटरीची. वॉरंटी आहे ना? मग घाला की नवीन, तुमच्या खर्चानं."

काउंटरमागची मुलगी वयानं बाईंच्या भाचीएवढी असेल. गळ्यात कंपनीची पट्टी, समोर टॅब्लेट. ती शांतपणे बोलत होती आणि त्या शांतपणानंच बाईंचा पारा आणखी चढत होता.

"मॅडम, वॉरंटीत बसत नाही. बॅटरीच्या पेटीत पाणी गेलंय. आमच्या वर्कशॉपचं म्हणणं आहे की बाहेरच्या कुणीतरी खालच्या बाजूनं छेडछाड केलीय. पेटी उघडून दुरुस्त करणं आमच्या नियमात नाही. पूर्ण बदलावीच लागेल."

"छेडछाड? मी?" बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईनं गाडीच्या आत 'चिखलाचे बूट झटकून बसा' अशी पाटी लावली, तिच्यावर हा आळ! "गाडीच्या पोटाखाली काय आहे ते मी आजवर वाकूनसुद्धा बघितलेलं नाही."

"फोटो आहे मॅडम. हा बघा," म्हणत मुलीनं टॅब्लेट फिरवला.

तो बाईंच्या हाती पडलाच नाही. शेजारी उभ्या असलेल्या दादानं तो मधल्यामध्ये उचलला. "आण इकडं. हिला त्यातलं काय कळतंय." दादाचं स्वतःचं गॅरेज होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचं. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बघितला. मग टॅब्लेट काउंटरवर पालथा घातला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो बाईंनाही आवरेना. चोर काय, लुटारू काय! मॅनेजरला बोलवा, मालकाला बोलवा, माझ्या बहिणीला खोटं ठरवता काय! मॅनेजर आला. दादानं कागद मागवला आणि बाईंनी स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली, की या मुलीनं ग्राहकावर खोटा आरोप केला. मुलगी खाली बघत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

बाहेर आल्यावर बाईंना खरं सांगायचं तर बरं वाटलं. गाडी आजारी होती, पण भाऊ पाठीशी उभा होता. असा तो उभा राहिल्याला किती काळ लोटला, ते त्यांना आठवेनासुद्धा.

याच भावाच्या गॅरेजात बाईंनी ऐन उमेदीची वर्षं काउंटरवर बसून काढली होती. बिलं फाडायची, चहा मागवायचा आणि दिवसातून चारदा ऐकायचं, "चिमे, तुला नाही जमायचं ते." चिमी हे त्यांचं घरातलं नाव. केस पिकले तरी दादाच्या तोंडी तेच. आणि एक दिवस चिमीनं साठवलेलं सगळं घालून ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, आपल्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि छपरावर 'शिका'ची पाटी चढवली. दादा तेव्हा हसला होता. "विजेची गाडी? खेळण्यातली घ्यायचीस की मग."

पण शाळा चालली. नवऱ्यांनी शिकवताना खेकसून खेकसून ज्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरायला लावले होते, अशा बायका बाईंकडे येत. बाई खेकसत नसत. त्यांची पद्धत वेगळी होती. चूक झाली की बाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबत, गाडी जागच्या जागी थांबवत आणि विचारत, "काय चुकलं?" शिकणारीनं स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत गाडी हलत नसे. मागे भले रांग लागो. 'सॉरी' चालत नसे. "सॉरी म्हणजे काय चुकलं ते कळलं असं नाही," बाई म्हणत. "आरशात न बघता वळले, असं म्हणा. मग जाऊ."

आता त्या गाडीच्या स्टिअरिंगमागे कासवाचं पिवळं चित्र लागलं होतं. कितीही पाय दाबा, गाडी बैलगाडीच्या वर जाईना. शिकणाऱ्या बायका एकेक करून 'बाई, गाडी बरी झाली की सांगा' म्हणून घरी बसल्या. गाडी बरी झाली नाही, तर बाईंना कुठं जाऊन बसायचं ते ठाऊक होतं. गॅरेजचं काउंटर अजून तिथंच होतं, खुर्चीसकट.

त्याच संध्याकाळी दादा घरी आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "चिमे, बदलून टाक बॅटरी."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

हे दादा म्हणतो? ज्याच्या गॅरेजच्या फळ्यांवर बंद पडलेल्या कंपन्यांचे नटबोल्ट डब्याडब्यांतून ठेवलेले होते, ज्यानं वहिनीचा मिक्सर इतक्या वेळा डाग देऊन जोडला होता की त्यात मूळचं झाकण तेवढं उरलं होतं, तो दादा? गिऱ्हाईक नवीन पार्ट घाला म्हणालं, तर हा त्याच्या अंगावर जायचा. "बदलायला काय, कुणीही बदलेल! दुरुस्त करायला अक्कल लागते." बाई हे इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या, की झोपेतही म्हणून दाखवतील.

"आणि पैसे?"

"मी भरतो. एवढं काय त्यात? तू सकाळच्या वेळी काउंटरवर येऊन बसत जा. हळूहळू फिटतील."

घ्या. बाईंनी कप टेबलावर आदळला.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी चौकशी केलीय. बायपासजवळ एक बॅटरीवाला आहे, तो पेटी उघडून दुरुस्त करतो. बिघडला तेवढा भाग बदलतो. त्याच्याकडे नेते."

"वेडी झालीस?" दादा ताडकन उठला. "उघडायला द्यायची नाही! करंट असतो आत, माणूस जागच्या जागी जळेल. आणि पुन्हा पाणी शिरलं तर? मी सांगतो ते ऐक. उघडायची नाही, बदलायची."

"तूच म्हणतोस ना, दुरुस्तीला अक्कल लागते म्हणून?"

"ते इंजिनाचं! हे खोकं आहे खोकं! एकदा बिघडलं की उकिरड्यावर!" दादानं चपला पायात सरकवल्या. "तुला कधी माझं ऐकायचंच नसतं. मर मग."

दार आपटलं. बाई बसून राहिल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. याला मी पुन्हा त्या खुर्चीत हवीय, बस्स. माझी शाळा पहिल्यापासून याच्या डोळ्यांत खुपते. त्या रागात बाईंनी रात्रीचं जेवण केलं नाही आणि सकाळी कासवाच्या चालीनं गाडी बायपासकडे काढली. मागून येणाऱ्या प्रत्येकानं हॉर्न वाजवला. बाईंनी काच खाली करून दोघातिघांच्या घरच्यांची चौकशीही केली.

बॅटरीवाला भलताच तिरसट निघाला. जमीन आरशासारखी, भिंतीवर रबरी हातमोजे आकाराप्रमाणे टांगलेले आणि मधोमध जमिनीवर एक पिवळी रेघ. बाईंचा पाय रेघेवर पडायचा अवकाश, तो ओरडला, "मागे! गिऱ्हाइकानं रेघेच्या अलीकडे." कुणाच्या गाडीला हात लावणं म्हणजे आपण उपकारच करतो, असा त्याचा आव होता. त्यानं गाडी लिफ्टवर घेतली, बटण दाबून वर उचलली, टॉर्च घेऊन खाली शिरला.

मग त्यानं रेघ ओलांडायची परवानगी दिली. "या इकडं. हा लेप कुणी लावला?"

बाई गाडीखाली गेल्या आणि वर बघितलं.

गाडीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंभोर होतं. बोटभर जाड, गुळगुळीत लेप. त्यावर ब्रशचे लाटांसारखे फराटे, एकासारखा एक, आणि कडेला जिथं ब्रश पोचत नाही तिथं अंगठ्यानं ओढलेली रेघ. बाईंनी जवळ जाऊन नखानं थोडा लेप खरवडला आणि वास घेतला. तो वास त्यांना नवा नव्हता. आधी वडिलांच्या आणि मग दादाच्या शर्टाला त्यांनी तो जन्मभर हुंगला होता. डांबर आणि आणखी कसकसलं मिसळून घरीच शिजवलेला हा लेप म्हणजे त्या गॅरेजची शान. गाडीच्या पोटाला एकदा लावला, की पत्र्याला गंज म्हणून चढत नसे. लांबलांबून लोक त्यासाठी येत.

"टायर बदलायला भावाकडे दिली होती," बाई म्हणाल्या. "दिवसभर ठेवून घेतली होती गाडी. मी बजावून सांगितलं होतं, की खालून हात लावायचा नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं."

"पेटीला नाक असतं," बॅटरीवाल्यानं टॉर्च एका जागी धरला. तिथं लेपाखाली रुपयाएवढा एक उंचवटा दिसत होता. "इथून ती हवा आत-बाहेर करते. गाडी तापली की हवा फुगते, निवली की आकसते. नाकच बुजवलं, तर ती कुठून श्वास घेणार? कडेच्या रबरातून ओढला तिनं. धुताना हवेबरोबर पाणीही गेलं आत." त्यानं टॉर्च विझवला. "एरवी कुठल्याही गाडीला हा लेप चांगलाच आहे. आणि फार मन लावून लावलाय. पैसे घेऊन कुणी इतकं मन लावून लावत नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं बाईंना भडभडून यायला हवं होतं. आलंही असतं. पण त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे तो टॅब्लेट आला. दोन बोटांनी मोठा केलेला फोटो. दादा बघतोय, बघतोय आणि टॅब्लेट पालथा घालतोय.

त्यानं ओळखलं होतं! स्वतःच्या ब्रशचे फराटे हा माणूस अंधारातसुद्धा ओळखेल. ओळखलं, आणि मग त्या पोरीवर बोंबलला. आणि आपण शेजारी उभ्या राहून, भाऊ पाठीशी आहे म्हणून फुगून, तिच्याविरुद्ध कागद लिहिला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून उघडायची नव्हती होय पेटी! उघडली की बिंग फुटणार. बहीण पुन्हा काउंटरवर बसली तरी चालेल, हिचे शिकवायचे दिवस संपले तरी चालेल, पण दादाचा लेप चुकला असं कुणी म्हणता कामा नये.

"दुरुस्त होईल का?" त्यांनी विचारलं.

"होईल. एक भाग खराब झालाय. त्याजागी जुनाच, बाकीच्यांच्या वयाचा बघून घालावा लागेल. कोरा घातला तर त्याचं आणि बाकीच्यांचं जमत नाही. रबर नवं घालीन, नाक मोकळं करीन. पण आधी हा लेप निघाला पाहिजे. आग लावून नाही, पाणी मारून नाही. लाकडी पट्टीनं, हातानं खरवडून. ते मी करत नाही. ज्यानं लावला त्याला सांगा." त्यानं गाडी खाली घेतली. "सावकाश न्या. चार्जिंगला मात्र लावू नका."

गॅरेजच्या दारात बाईंनी गाडी उभी केली, त्या उतरल्या आणि आपल्या नेहमीच्या सीटवर, दुसऱ्या ब्रेकच्या बाजूला जाऊन बसल्या.

"दादा, ये. तू चालव."

"मी? कुठं जायचंय?"

"बस म्हटलं ना."

कामाची माणसं बघत होती. त्यांच्यादेखत या खेळण्याला घाबरणं दादाला शक्य नव्हतं. हात पुसत तो आला, सीट मागे ढकलली, नाक मुरडलं आणि गाडी रस्त्यावर काढली. "आवाज नाही, काही नाही. गाडी चाललीय की बंद पडलीय, माणसाला कळणार कसं?"

बाजारपेठेच्या मधोमध, जिथं दोन्ही बाजूंना दुकानं आणि मागं बस होती, तिथं त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

दादा स्टिअरिंगवर पुढं झुकला. "आता काय झालं? मेली का?"

"नाही. मी दाबलाय. काय चुकलं?"

"कुणाचं काय चुकलं?"

"तुझं. सांग, मग जाऊ."

मागून बसचा हॉर्न वाजला. दादानं आरशात बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि बाईंच्या नखांत अडकलेलं काळं त्याला दिसलं. त्याचा चेहरा उतरला. पण दादा तो दादा.

"चिमे, तमाशा करू नकोस. पाय काढ."

"काय चुकलं?"

"बरं बाबा, लावला लेप! तुझ्याच भल्यासाठी लावला. तुझी गाडी गंजू नये म्हणून रविवारी एकटा खाली पडून लावला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"ते मी विचारलं नाही."

"सॉरी. झालं? सॉरी!"

"सॉरी चालत नाही इथं."

आता हॉर्नना खळ नव्हता. एक रिक्षावाला काचेवर टकटक करत तावातावानं म्हणाला, "ओ बाई, काय चाललंय काय?"

बाईंनी काच बोटभर खाली केली. "क्लास चाललाय. विद्यार्थी मठ्ठ आहे, वेळ लागेल." आणि काच वर केली.

दादाच्या कपाळावर घाम फुटला होता. "तू नको म्हणालीस, म्हणून लावला," तो एकदम म्हणाला. "खालून हात लावायचा नाही म्हणालीस. मला! वडिलांच्या मांडीवर बसून गाड्या खोलल्या मी, आणि तू मला पुस्तक दाखवतेस? म्हणून मुद्दाम लावला."

"पुढं."

"पुढं काय?"

"शोरूम."

बसचा ड्रायव्हर खाली उतरून येत होता. बाईंचा पाय ब्रेकवर घट्ट होता, इतका की गुडघा दुखायला लागला.

"फोटो बघितला," दादा समोर बघत म्हणाला. "नाक बुजलेलं दिसलं. माझा ब्रश ओळखला. आणि मग त्या पोरीवर ओरडलो."

"का?"

"तू माझ्याकडे बघत होतीस ना. दादा आलाय, आता हा सगळ्यांना सरळ करेल, असं. लहानपणी बघायचीस तसं. आताशा बघत नाहीस तू. मग तोंडच उघडेना. म्हणजे, उघडलं ते भलतंच."

बाईंना रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही त्यांना संताप आला. एवढंसं बोलायला या माणसाला भर बाजारात रांग लावावी लागते! तेव्हाच बोलला असता, तर त्यांनी चार शिव्या घालून सोडून दिलं असतं.

"लेप तू खरवडायचास," त्या म्हणाल्या. "लाकडी पट्टीनं. एकटा खाली पडून. मी शेजारी उभी राहून बघणार. आणि पेटी दुरुस्त होणार, बदलणार नाही. पैसे माझे. त्या खुर्चीवर तू दुसऱ्या कुणाला तरी बसव."

दादानं मान हलवली. बाईंनी पाय उचलला. गाडी हलली, तसे मागचे हॉर्न थांबले. चौकात दादा गॅरेजकडे वळवायला लागला.

"सरळ," बाई म्हणाल्या.

"सरळ कुठं?"

बाईंनी पुढच्या रस्त्याकडे बोट केलं. शोरूमच्या फाटकातून आत आल्यावर त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. काचेतून काउंटर दिसत होतं. तिथं कुणी दुसराच बसला होता. ती मुलगी बाहेर होती, गाड्या धुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या फरशीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, येणाऱ्यांना नंबराचे बिल्ले देत. तिनं गाडी ओळखली, आणि बाईंना बघून खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं.

शेडमध्ये दहाबारा माणसं गाडीची वाट बघत बसली होती.

बाई उतरल्या. आधी त्यांना स्वतःलाच बोलायचं होतं. मी फोटो न बघताच लिहिलं, हे वाक्य त्या मनात घोळवत होत्या आणि तेवढं एक वाक्य जिभेवर जड होत होतं. त्यांनी गाडीला वळसा घातला आणि दादाच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

दादानं शेडकडे बघितलं. "चिमे," तो हळूच म्हणाला, "लोक आहेत गं."

"कालही होते," बाई म्हणाल्या, आणि तो उतरेपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या.